ती रात्र पुन्हा कशी येईल?

अंबाजोगाईहून आलेलं हे पत्र दोन पानांचं आहे. नाव छापू नका अशी विनंती आहे, ती पाळते. मजकूर थोडा आटोपशीर करून देते.

"मी पतसंस्थेत नोकरी करते. मुलगा तिसरीत आहे. तीन वर्षांपूर्वी माझी आत्या गेली. तेराव्याहून परत आले त्या रात्री झोप लागेना, म्हणून उठून स्वयंपाकघरात बसले आणि लिहायला लागले. दूधवाल्याने बेल वाजवली तेव्हा कथा पूर्ण झाली होती. त्याआधी मी कधी कथा लिहिली नव्हती. लहानपणी आत्याची पत्रं तेवढी लिहून द्यायचे, तिला लिहिता येत नव्हतं. ती कथा एका दिवाळी अंकात छापून आली. अनोळखी लोकांचे फोन आले. तेव्हापासून मात्र काही म्हणजे काही होत नाही. मोबाइलमध्ये पहिल्या वाक्यांचा ढीग साठलाय, दुसरं वाक्य एकालाही नाही. नवऱ्याने हौसेने टेबल करून दिलं. रजा टाकून गणपतीपुळ्याला गेले, समुद्रासमोर बसले, काही सुचलं नाही. कथा छापून आल्यावर आतेभावाने बोलणं टाकलं, ते एक आहेच. पण माझा खरा प्रश्न स्फूर्तीचा आहे. मोठे लेखक तिची वाट बघतात की तिच्याशिवाय लिहितात? ती रात्र पुन्हा कशी येईल? की माझ्यात एकच कथा होती?"

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात दोन वाक्यं अशी आहेत की ती तुम्ही घाईने लिहिलीत आणि पुढे गेलात. एक आत्याच्या पत्रांचं, दुसरं आतेभावाचं. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला त्या दोन वाक्यांत दिसतं, म्हणून मी तिथेच जास्त वेळ थांबणार आहे.

आधी पत्रांचं. "त्याआधी मी कधी कथा लिहिली नव्हती" असं तुम्ही म्हणता आणि लगेच सांगता की आत्याची पत्रं तुम्ही लिहून द्यायचात. ज्या मुलीने लिहिता न येणाऱ्या बाईची पत्रं लिहिली, ती काय काय शिकली असेल याचा विचार करा. आत्या बोलायची ते सगळंच्या सगळं कागदावर उतरवता येत नसणार. ती मध्येच थांबत असेल, डोळे पुसत असेल, "हे नको लिहू" म्हणत असेल. घरात काय चाललंय हे तुम्हाला दिसत होतं आणि कागदावर मात्र "इकडील सर्व क्षेम" लिहायचं होतं. एखादी गोष्ट न सांगता कशी सांगायची, बाईच्या तोंडचं वाक्य कुठे मोडतं, कुठल्या शब्दाला ती अडखळते, हे तुमच्या कानाने आणि बोटांनी त्या वयात टिपलं. लेखकाच्या शिकवणीत यापेक्षा मोठं फारसं काही नसतं. त्या रात्री तुम्ही कोऱ्या हाताने बसला नव्हतात. आत्याचा आवाज कागदावर उतरवायची सवय तुम्हाला जुनीच होती. फक्त या वेळी सांगायला ती समोर नव्हती आणि "हे नको लिहू" म्हणायलाही नव्हती.

बहिणाबाई चौधरींची आठवण इथे येणं साहजिक आहे. 1880 साली असोद्याला जन्मलेल्या, अक्षरओळख नसलेल्या या बाईंनी जात्यावर, शेतात, घरकामात गाणी रचली. ती टिकली कारण त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी, आणि सोपानदेवांच्या मावसभावाने ती वेळोवेळी लिहून ठेवली. 1951 मध्ये बहिणाबाई गेल्या आणि 1952 मध्ये, आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने, त्यांची गाणी पुस्तकरूपाने लोकांपुढे आली. लोक म्हणतात, बघा, शाळा नाही, वाचन नाही, निव्वळ दैवी देणगी. देणगी होतीच. पण जात्यावरची ओवी हा बायकांनी शेकडो वर्षं चालवलेला रियाज होता, हे आपण विसरतो. पहाटे दळायला बसलं की ओवी म्हणायचीच, मन असो वा नसो, अंगात कणकण असो वा घरात भांडण झालेलं असो. दळण संपेपर्यंत गाणं संपत नसे. असोद्याच्या त्या मुलीच्या कानावर हे जन्मापासून पडत होतं. तिची स्फूर्ती त्या रोजच्या दळणात मुरलेली होती, आणि मला तरी असं वाटतं की दळण बंद झालं असतं तर ती गाणीही आपल्याला मिळाली नसती.

तुमच्यासारखी एका झपाट्यात लिहिलेली दुसरी गोष्ट मराठीत सगळ्यांना ठाऊक आहे. साने गुरुजींनी 'श्यामची आई' नाशिकच्या तुरुंगात लिहिली, 9 फेब्रुवारी 1933 ला सुरुवात केली आणि 13 फेब्रुवारीच्या पहाटे हात थांबवला. दिवसा तुरुंगातलं काम, रात्री लेखन. पाच दिवस! लिहिणाऱ्या माणसाला हा आकडा वेड लावतो. पण गुरुजींची आई 1917 साली गेली होती. म्हणजे त्या पाच दिवसांच्या मागे पंधरा वर्षं उभी आहेत आणि त्या पंधरा वर्षांत आई त्यांच्या मनातून हलली नव्हती. शिक्षक म्हणून मुलांना गोष्टी सांगणं चालू होतं, लिहिणं चालू होतं, अमळनेरच्या छात्रालयात तर ते मुलांसाठी हाताने दैनिक काढत. ते पुस्तक ऐकल्यासारखं वाचता येतं ते उगाच नाही. तुम्हीही तुमची रात्र तपासून बघा. ती तेराव्याच्या संध्याकाळी सुरू झाली असं वाटतं खरं, पण तिचा आरंभ कितीतरी आधी, एखाद्या आंतरदेशीय पत्रावर झालेला असणार.

आता तुमचा मूळ प्रश्न. मोठे लेखक स्फूर्तीची वाट बघतात की तिच्याशिवाय लिहितात?

याबाबत आपल्या भाषेत सर्वांत प्रामाणिक साक्ष तुकोबांची आहे, आणि ती फार काळजीपूर्वक वाचावी अशी आहे. संतांनी विचारलं म्हणून त्यांनी आपलं चरित्र एका अभंगात सांगितलं, "याती शूद्र वंश केला वेवसाव" हा तो अभंग. गाथा घरात असेल तर आज काढून वाचा, मोठ्याने वाचा. त्यात "यावरि या जाली कवित्वाची स्फूर्ति" असा स्वच्छ शब्द आलेला आहे. पण तो कुठे आलेला आहे ते बघा. आईबाप गेले, दुष्काळाने पैसा आणि मान दोन्ही नेले, एक बायको "अन्न अन्न" करत मेली, धंदा बुडाला, हे सगळं आधी. मग मोडकं देऊळ दुरुस्त करावंसं वाटलं. मग एकादशीला कीर्तन सुरू केलं, आणि तेही "नव्हतें अभ्यासीं चित्त आधीं", म्हणजे मन लागत नसताना. मग "कांहीं पाठ केलीं संतांचीं उत्तरें". मग जे पुढे गात त्यांच्या मागे उभं राहून ध्रुपद धरलं. लाज मनात येऊ दिली नाही. शरीर कष्टवलं. खऱ्याखोट्याला मन साक्षी ठेवलं, बहुमताला मानलं नाही. स्वप्नात गुरूचा उपदेश झाला. आणि यावरि, या सगळ्यानंतर, कवित्वाची स्फूर्ती झाली.

मला या क्रमाचा फार आधार वाटतो. तुकोबा स्फूर्तीला खोटं म्हणत नाहीत. उलट ते पुन्हा पुन्हा सांगतात की आपण आपल्या बळाने बोलत नाही, बोलविणारा वेगळा आहे. हल्ली काही लोक हिरिरीने सांगतात की स्फूर्ती वगैरे काही नसतं, रोज खुर्चीत बसा, झालं. मला ते पटत नाही. जिने एक रात्र अनुभवली आहे तिला असं सांगणं म्हणजे तिच्या आयुष्यातली एक खरी गोष्ट नाकारणं. ती रात्र खरी होती. पण ज्याने ती स्फूर्ती सर्वांत मोठ्या प्रमाणात भोगली, तो माणूस सांगतो की आधी दुसऱ्याच्या मागे उभं राहून ध्रुपद धरलं. नामदेव स्वप्नात आले तो अभंगही असाच आहे. विठ्ठलाला बरोबर घेऊन नामदेव येतात आणि काय देतात? "सांगितलें काम करावें कवित्व." काम सांगतात. वर शतकोटीचं माप सांगतात आणि उरलेलं तू पुरं कर म्हणतात. मराठीतला स्फूर्तीचा हा सर्वांत थोर प्रसंग आहे आणि त्यात एका माणसाला दुसऱ्याचं राहिलेलं काम सोपवलं जातं.

गणपतीपुळ्याला काही सुचलं नाही याचं मला नवल वाटत नाही. तिथे तुम्ही काही काम बरोबर नेलं नव्हतं. समुद्र अर्धवट कथेला मदत करतो, नुसत्या अपेक्षेला करत नाही.

आता दुसरं वाक्य. आतेभावाने बोलणं टाकलं, "ते एक आहेच".

तुकोबांच्या त्याच अभंगात, स्फूर्तीच्या ओळीच्या लगेच पुढची ओळ आहे: "निषेधाचा कांहीं पडिला आघात । तेणें मध्यें चित्त दुखविलें." आणि त्यापुढे "बुडविल्या वह्या बैसलों धरणें". इतकं लागून आहे ते. स्फूर्ती झाली, मग आघात झाला, मग वह्या बुडाल्या. इंद्रायणीचा तो प्रसंग आपण चमत्कार म्हणून ऐकत आलो, पण "चित्त दुखविलें" हे दोन शब्द चमत्काराचे नाहीत. लिहिल्याबद्दल शिक्षा झालेल्या माणसाचे आहेत. तोही काही काळ न लिहिता बसला होता.

तुमचं काय झालंय ते मला असं दिसतं. तुम्ही आत्यावर लिहिलंत, आणि तिच्या मुलाला, जो तुमच्याबरोबर एकाच घरात वाढला असेल, वाटलं की आपल्या आईला चव्हाट्यावर आणलं. तो बोलेनासा झाला. त्यानंतर तुम्ही मोबाइलवर जे पहिलं वाक्य टिपता, त्याचं दुसरं वाक्य कुणातरी ओळखीच्या माणसाच्या दारात जाऊन उभं राहतं. सासूच्या, बहिणीच्या, पतसंस्थेतल्या कुणाच्या. आणि हात थांबतो. याला तुम्ही "सुचत नाही" म्हणता. मला ते सुचत नसल्याचं लक्षण वाटत नाही. ज्याला खरंच सुचत नाही त्याच्याकडे पहिल्या वाक्यांचा ढीग नसतो. तुमच्याकडे सुचतंय आणि तुम्ही ते दाबताय, बहुधा नकळत.

म्हणून स्फूर्तीची काळजी सध्या सोडा, आधी हे बघा.

आतेभावाकडे जा. फोन नको, मेसेज तर अजिबात नको, घरी जा. कथेचं समर्थन करायला जाऊ नका आणि माफी मागायलाही जाऊ नका, कारण तुम्ही वाईट हेतूने काही केलेलं नाही. त्याला विचारा की त्याला नेमकं काय लागलं. कदाचित एखादा तपशील असेल, कदाचित कथेत तो स्वतः ज्या तऱ्हेने आला (किंवा आलाच नाही) ते असेल. कदाचित त्याचं दुःख एवढंच असेल की आई त्याची आणि तिच्याविषयी सगळे तुमच्याशी बोलले. ऐकून घ्या. तो निवळेलच असं वचन मी देऊ शकत नाही. पण त्याचा राग कशाचा आहे हे कळलं की तो प्रत्येक वाक्याच्या आड उभा राहणार नाही.

आणि एक भेद मनात पक्का करा: लिहिणं वेगळं, छापणं वेगळं. छापताना नावं बदलता येतात, गाव बदलता येतं, दोन माणसांचं एक करता येतं, थांबताही येतं. लिहिताना यातलं काहीही डोक्यात आणायचं नाही. आत्या "हे नको लिहू" म्हणायची तेही वहीत लिहा.

रोजच्या कामाचं सांगते. टेबल छान असेल, पण तुम्ही लिहिलंत ते स्वयंपाकघरात, रात्री. तुमच्या हाताला ती जागा ओळखीची आहे, तिथेच बसा. नोकरी आणि तिसरीतला मुलगा सांभाळून रोज तास-दोन तास मिळणार नाहीत, मागूही नका. अर्धा तास पुरे, पण तो रोज एकाच वेळी असू दे. दूधवाला यायच्या आधीचा चालेल. मोबाइल दुसऱ्या खोलीत, वही समोर. त्या अर्ध्या तासात कथा लिहायची नाही. आत्याच्या आवाजात पत्रं लिहायची. तिने कुणाला काय कळवलं असतं? तुमच्या मुलाच्या शाळेबद्दल? स्वतःच्या तेराव्याला जमलेल्या माणसांबद्दल? जेवणात मीठ कमी होतं का? बघा ती काय बोलते ते. नंतर दुसऱ्या माणसाच्या आवाजात लिहा. पतसंस्थेच्या खिडकीशी रोज माणसं येतात, हप्ता थकलेली, ठेव मोडायला आलेली, अंगठा उठवणारी. ती काय बोलतात ते तुमच्याइतकं कोण ऐकतं?

मोबाइलमधली पहिली वाक्यं वहीत उतरवून घ्या आणि मोबाइलमधून काढून टाका. मग एकेक वाक्य घेऊन त्याला एक पान द्या, चांगलं-वाईट न बघता. बरीच पानं वाया जातील. जाऊ द्या. नवीन पहिलं वाक्य टिपायचं नाही, जोवर जुन्यांतल्या काहींना दुसरं मिळत नाही तोवर. पहिलं वाक्य टिपून ठेवल्यावर काम केल्याचं समाधान मिळतं आणि तिथेच ते संपतं, हे मी पुष्कळ लिहिणाऱ्यांच्या बाबतीत पाहिलंय.

ज्या दिवशी वहीवर काहीच उमटत नाही त्या दिवशी ध्रुपद धरा. आवडत्या लेखकाच्या कथेतलं एक पान हाताने उतरवून काढा, स्वल्पविरामासकट. अंबाजोगाई तर मुकुंदराजांचं आणि दासोपंतांचं गाव. पासोडीवर, म्हणजे पांघरायच्या कापडावर, लिहिणाऱ्या दासोपंतांच्या गावात राहून उतरवण्याची लाज कसली? नुसतं वाचताना जे निसटतं ते उतरवताना हाताला लागतं. वाक्य इथे का थांबवलं, हा संवाद अर्धाच का ठेवला, हे बोटांना आधी कळतं.

याहून महत्त्वाचं म्हणजे तुमच्या लेखनाला तारीख लागेल. मराठी लेखकाला याची लाज वाटायचं कारण नाही. 1909 साली का. र. मित्रांच्या 'मनोरंजन'ने दिवाळी अंकाची प्रथा पाडली, तेव्हापासून आपल्या भाषेतल्या कितीतरी कथा संपादकाचं पत्र आलं म्हणून आणि मुदत संपत आली म्हणून लिहिल्या गेल्या आहेत. ग. दि. माडगूळकरांचं 'गीतरामायण' आठवा. 1955 च्या रामनवमीला, 1 एप्रिलला, पुणे आकाशवाणीवरून पहिलं गीत गेलं. मग दर आठवड्याला एक, वर्षात अधिक मास आल्यामुळे एकूण छप्पन्न गीतं. एखाद्या आठवड्यात त्यांच्या घरी आजारपण असेल, सिनेमावाल्यांचा तगादा असेल, मन उचाट असेल. गीत पोचायलाच हवं होतं, कारण सुधीर फडक्यांना चाल बांधायची होती आणि वादक-गायक खोळंबलेले असत. ती गीतं ऐकताना कुणाला म्हणता येईल की ही नेमून दिलेल्या वाराला लिहिलेली आहेत, म्हणून यांत स्फूर्ती नाही? मला तर वाटतं, ठरलेला वार असल्यामुळे स्फूर्तीला कुठे यायचं ते माहीत होतं.

तुम्ही विचारलंत, माझ्यात एकच कथा होती का. खरं उत्तर असं की असूही शकतं. काही माणसांनी एकच चांगली गोष्ट लिहिली आणि त्यामुळे ती गोष्ट लहान झाली नाही. हे आधी कळण्याचा कुठलाही मार्ग नाही, बसूनच कळतं. पण तुमचं पत्र वाचून माझं मत विरुद्ध बाजूला झुकतं. दूधवाल्याची बेल, टेबल, समुद्र, बोलणं टाकलेला आतेभाऊ, हे सगळं तुम्ही कुठेही पाल्हाळ न लावता दोन पानांत मांडलंत आणि दुखरी गोष्ट एका अर्ध्या वाक्यात लपवलीत. पत्र लिहिताना तुम्हाला स्फूर्तीची वाट बघावी लागली नाही. कुणीतरी वाचणारं होतं आणि काहीतरी विचारायचं होतं, एवढं पुरलं.

ती रात्र जशीच्या तशी परत येणार नाही, कारण आत्या एकदाच जाते. पुढच्या कथेची रात्र वेगळी असेल. कदाचित ती रात्र नसेलच, पहाटेचे पुष्कळसे अर्धे तास असतील, आणि मध्येच कधीतरी एका सकाळी असं होईल की अर्धा तास उलटून गेला, कुकरच्या शिट्या झाल्या, मुलगा डबा मागतोय आणि तुमचा हात थांबत नाही. त्या दिवशी थांबवू नका. नवऱ्याला सांगून ठेवा की असा दिवस आला तर डबा तो भरेल. टेबल ज्याने करून दिलं तो हेही करेल.

तेवढ्यासाठी एक काम या आठवड्यातच करा. ज्या संपादकांनी तुमची कथा छापली त्यांना पत्र टाका, की यंदाच्या अंकासाठी कथा पाठवते आहे, जुलैअखेर तुमच्या हाती पडेल. कुणावरची, कसली, काही लिहू नका. पोस्टात टाकायच्या आधी तारखेखाली रेघ मारा.